भिंतीवरचा प्लेटो आणि बाबासाहेब

अणदूरमध्ये आम्ही राफाएलचे 'स्कूल ऑफ अथेन्स' मोबाईलवरच पाहतो. व्हॅटिकनच्या भिंतीवर १५०९ ते १५११ दरम्यान काढलेले हे चित्र. कमानीखाली मधोमध प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. प्लेटोने समाजाची तीन वर्गांत वाटणी केली. ॲरिस्टॉटल म्हणाला, काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात. चित्रात मात्र नुसते तेज दिसते.

बाबासाहेबांना या तेजाने दिपवले नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली त्यांनी चातुर्वर्ण्यासोबत प्लेटोलाही धारेवर धरले: प्रत्येक माणूस वेगळा, त्याला ठरावीक खणांत कोंबता येत नाही.

मित्रांनो, ग्रीक तत्त्वज्ञान जरूर वाचा. पण आधी विचारा, या विचारात आपल्या माणसांची जागा कुठे?

जय भीम!