फॉर्म ७००वरची सही

भिवंडीची माणसं ओरडून बोलतात, अशी बाहेरच्यांची तक्रार असते. भिंतीपलीकडे रात्रंदिवस माग खडखडत असताना दुसरं करणार काय? अशा गावात, धामणकर नाक्याजवळच्या आमच्या चाळीत, एकच माणूस हळू बोलायचा. एअरफोर्सवाले काका. हवाई दलातली पंधरा वर्षं संपवून ते १९८०च्या सुमारास घरी परतले आणि कारखान्यांतून मागदुरुस्तीची कामं घेऊ लागले. माग दुरुस्त करणारे जॉबर लोक सुरुवातीला त्यांना हसत. काम झालं की काका पेटीतला एकेक पाना मोजत, आणि एक जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत माग सुरू करू देत नसत. शेटजी वैतागायचे. मीटरवर मजुरी मिळणारा कामगार तर त्याहून जास्त.

काकांनी विमान कधी उडवलं नव्हतं. ते इंजिन फिटर. बंगळुरूजवळ जलाहळ्ळीला त्यांचं प्रशिक्षण झालं. पहाटेची कवायत, मग वर्ग, मग उघडून ठेवलेलं इंजिन. विमानात विसरलेला एक पाना वैमानिकाचा जीव घेऊ शकतो, ही तिथली पहिली शिकवण.

मे १९८४मध्ये दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि माग थांबले. न ओरडता बोलता येईल अशी शांतता मी गावात पहिल्यांदाच अनुभवली. फार वाईट कारणानं मिळालेली शांतता. त्या दिवसांत काकांनी मला डिसेंबर १९७१चं युद्ध सांगितलं.

पंजाबातला हवाई तळ, सुखोई-७ विमानं. विमान दणकट, पण इंधन भराभर पिणारं, पल्ला कमी. एक फेरी करून आलं की पुन्हा इंधन, पुन्हा तोफांचा दारूगोळा, शेपटाकडच्या ब्रेक-पॅराशूटची नवी घडी, इंजिनाची तपासणी. रात्री ब्लॅकआउट, म्हणून टॉर्चवर फडकं बांधायचं. हातमोजे घातले तर बारीक नट बोटांत येत नाही, काढले तर थंडीनं बोटं बधिर होतात. काका हातमोजे काढत.

उड्डाणाआधी फॉर्म ७०० भरला जाई. ज्यानं जे काम केलं त्यानं त्यापुढे सही करायची, शेवटी वैमानिकानं सही करून विमान ताब्यात घ्यायचं. काका म्हणाले, "विमान परत आलं नाही ना, की शत्रूच्या तोफा नंतर आठवतात. आधी आठवतो तो आपण आवळलेला नट."

परत न आलेल्या विमानांपैकी एक फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचं. त्यांचं सुखोई १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पडलं. ऑगस्ट १९७२मध्ये ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसह रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि थेट लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे लंडी खाना स्थानकाची वाट विचारली, लोकांना संशय आला आणि ते पकडले गेले. तिकडची रेल्वे १९३२लाच बंद पडली होती! अफगाण सीमा जेमतेम काही मैलांवर राहिली होती. काका ही हकिगत रंगवून सांगत. मात्र १९६५ची गोष्ट निघाली की त्यांचा सूर बदलायचा. त्या युद्धात खांद्याला जखम झालेली असताना परुळकरांनी मार खाल्लेलं विमान तळावर परत आणलं होतं. "शाबास त्यांची. पण बाळा, ते विमान पुढे कोणाच्या हातात गेलं, हे कोणी विचारतं का?"

दहावीनंतर वर्षा-दोन वर्षांनी काका मला कॉटन ग्रीनला एअरमन भरतीसाठी घेऊन गेले. लेखी परीक्षा पार पडली, डोळ्यांच्या तपासणीत रंगांनी दगा दिला. परतीच्या लोकलमध्ये मी गप्प होतो. ठाणं आलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "उद्या आयटीआयचा फॉर्म आणू." वडील मागावर दुपाळी करत, त्यांना सवड नव्हती आणि अशा कागदांची भीतीही वाटे. त्यांच्या संमतीनं अर्जावर पालक म्हणून काकांनी सही केली. नाव, हुद्दा, तारीख, सगळं टाकून, विमान सोपवावं तशी. त्या सहीवर मी फिटर झालो, माझं घर उभं राहिलं, धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "पाने मोजतोस ना?"

काका आता नाहीत. त्यांची पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही पदकं हत्यारांच्याच पेटीत, वरच्या कप्प्यात असत. शौर्यपदकांच्या यादीत त्यांचं नाव शोधून सापडणार नाही.

१९७१चे एअरमन आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. वैमानिकांनी आपल्या आठवणी लिहिल्या, फिटर आणि विमानांवर शस्त्रं चढवणाऱ्या आर्मररांनी फारच थोड्या. तुमच्या चाळीत, सोसायटीत असे कोणी असतील तर वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि त्यांनी नेमकं काय काम केलं ते लिहून घ्या.