रात्रीची लाइट

परवा माझा भाचा आला होता. भावाचा मुलगा, संगमनेरकडचा. मुंबईत 'स्मार्ट ग्रिड'वर पीएच.डी. करतोय. तो नक्की काय करतो असं कोणी विचारलं की चार वर्षं मी "विजेचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेतेय. जन्मभर मराठी शिकवलेलं, मला त्यातलं काय कळणार? यावेळी मात्र चहा पुढे ठेवला आणि म्हटलं, "मी पाचवीतली मुलगी आहे असं समज आणि सांग."

"आत्या, तू जातं ओढलंयस ना? घास जास्त पडला की जातं जड होतं, मंदावतं. लोकांनी एकदम जास्त वीज ओढली की जनित्रंही तशीच मंदावतात. आपल्याकडे सेकंदाला 50 आवर्तनं हवीत, ती उतरतात. ओढ कमी झाली की चढतात."

मग त्याने 5 एप्रिल 2020 ची आठवण काढली. रात्री नऊला आपण सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे मालवले होते ना, तेव्हा देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटने खाली आली होती! मी बाल्कनीत पणती घेऊन उभी, आणि तिकडे जलविद्युत केंद्रं भराभर वीज कमी करून पुन्हा वाढवत तोल सांभाळत होती.

"पण दर वेळी केंद्रांनीच का धावायचं?" हा त्याचा विषय. अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक फ्रेड श्वेपी यांनी 1980 साली सहकाऱ्यांबरोबर एक निबंध लिहिला. शरीर जसं आपलं तापमान आपोआप सांभाळतं, तसं वीज पुरवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने मिळून तोल सांभाळावा, असा त्यातला विचार. आवर्तनं उतरली की पाण्याचा गीझर आपणहून थोडा थांबेल. पाणी तापलेलंच असतं, घरच्यांना पत्ताही लागत नाही. मला हे फार आवडलं. थांबायचं, पण कोणाला त्रास न देता!

मग त्याने लॅपटॉपवर आलेख दाखवला. संध्याकाळी डोंगर, मध्यरात्रीनंतर खड्डा. डोंगरावरचा भार खड्ड्यात सरकवला की काम झालं, असं पूर्वीपासून करत आलेत म्हणे.

मी विचारलं, "त्या खड्ड्यात कोण उतरतं रे?"

तो गप्प झाला. मीही.

आमच्या गावी वर्षानुवर्षं शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की भाऊ बॅटरी घेऊन दारे धरायला जायचा. उसात बिबट्या, बांधावर साप. 2009 च्या हिवाळ्यात गव्हाला पाणी देताना त्याला घोणस चावली. वाचला, पण पाय अधू झाला तो झालाच. त्या रात्री बॅटरी धरून उभा होता तो हाच, नववीतला.

"भार सरकवला जातो" असं आपण सहज म्हणतो. व्याकरणात मी मुलांना सांगायचे, अशा वाक्यात कर्ता दडून बसतो, त्याला शोधा.

भाच्याने दुसरी फाइल उघडली. तिथे त्याने एक नियम घातलाय. शेतीपंप फक्त दिवसा, ऊन असताना. रात्री थांबायचं किंवा चालायचं ते सोसायट्यांच्या टाक्या, शीतगृहं आणि विजेवरच्या बसच्या चार्जिंगने. "हा नियम घातला की हिशेब थोडा महाग येतो, आत्या. तो काढून बघ म्हणतात. मी म्हणतो, राहू दे."

राज्यात 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. आमच्या गावाची पाळी अजून यायची आहे.

तो गेल्यावर भावाला फोन केला. म्हटलं, "पोराचा अभ्यास आज कळला मला."

"मला सांग की मग," तो म्हणाला. "पण उद्या. आज रात्रीची लाइट आहे."

असो. तुमच्याकडे शेतावर लाइट कधी येते? जरूर लिहा.