ळ कुठे बसतो

शाळेतल्या तक्त्यावर श, ष, स, ह झाले की मग ळ यायचा, त्याच्यामागून क्ष आणि ज्ञ. ळने सुरू होणारा शब्द कुठून आणणार? म्हणून त्याच्या चौकटीत बाळाचं चित्र.

वडील सदाशिव पेठेत घरीच पुस्तकांच्या सूची करून द्यायचे. सुट्टीत शब्दांच्या पट्ट्या लावायचं काम माझ्याकडे. मावशी, मासा, माळ हा क्रम तेव्हापासून हातात बसलेला. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड पुण्यातूनच १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यांच्या पट्ट्या कुणी लावल्या असतील, असं अजूनही मनात येतं.

पुढे बाणेरच्या ऑफिसात मराठी शुद्धलेखन तपासनिसाचं काम आलं. एक स्क्रिप्ट रोज रात्री शब्दांची यादी क्रमाने लावून तिचा सी भाषेतला ॲरे तयार करायची. तक्रार विचित्र होती: ‘शाळा’ सापडते, ‘माळ’ सापडत नाही, आणि यादीत असूनही ‘मावशी’ चूक ठरते. नवे शब्द घातले की हरवणारे शब्दही बदलायचे.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मराठीचा मान राखला होता: क्रम वर्णमालेचा, ळ हनंतर. शोधणारा कोड मात्र बाइट बघायचा. युनिकोडने अक्षरांना क्रमांक देताना इस्की या आधीच्या भारतीय संकेतप्रणालीचा आराखडा उचलला आणि त्यात ळ लच्या लगत आहे: ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५. बायनरी सर्च यादीच्या मधोमध बघून अर्धी यादी सोडून देतो. ‘मावशी’ शोधताना मध्ये ‘माळ’ आली, की कोडच्या हिशेबाने ‘माळ’ लहान. म्हणून तो पुढच्या अर्ध्यात शिरायचा, आणि मावशी बिचारी मागे राहायची. मला हा बग फार आवडला. मावशीत ळ नाहीच!

दुरुस्ती एका ओळीची. शोधायच्या ॲरेचा क्रमही बाइटनुसार लावला. शिवाय प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा मोठा नसेल तर बिल्ड तिथेच थांबेल, अशी तपासणी घातली. खरं काम तेच. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की आता वर्णमालेचा क्रम काढूनच टाकू. मी ठाम नकार दिला. शब्दसूचीच्या पडद्यासाठी दुसरा ॲरे ठेवला, त्यात फक्त मूळ ॲरेतले क्रमांक. जागा थोडी जास्त जाते, जाऊ दे. पडद्यावर ‘मासा’नंतरच ‘माळ’ येते.