सफाळ्याचं चायनीज

आमच्या घरचं रोजचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं नाहीतर करंदीचं कालवण. अशा घरात चायनीज पहिल्यांदा आलं ते विरारहून, वडिलांच्या हातून, गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. शटलच्या गर्दीत नूडल्सचा पार गोळा झाला होता. आईने तो कढईत टाकला, वर आलं-लसणाचं वाटण घालून परतला आणि आम्हा भावंडांना वाढला. त्या दिवसापासून ती चव आमच्या घरचीच झाली.

पुढे सफाळे स्टेशनाबाहेर संध्याकाळी चायनीजची गाडी लागू लागली. कॉलेजातून परतताना पाय आपोआप तिकडे वळायचे. भडकलेल्या जाळावर कढई, त्यात उभा चिरलेला कोबी, सिमला मिरची, गार करून मोकळा केलेला भात. मग सोया सॉसची धार, चमचाभर लाल शेजवान चटणी आणि वर कांद्याची पात. मंचुरियन मागितलं की ‘सुकं की ग्रेव्ही?’ एवढाच प्रश्न. श्रावण लागला की तोच गाडीवाला चिकन बंद करून कोबी-गाजराचे गोळे तळायचा. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, वर्दळ वाढली, गाड्याही वाढल्या.

हे सगळं आलं कुठून, याचा छडा मला कोलकात्यात लागला. कामानिमित्त गेलो होतो. रविवारी भल्या पहाटे टिरेटा बाजारात चिनी कुटुंबं न्याहारी विकतात, तिथे पोचलो. वाफाळते बाव, माशाच्या गोळ्यांचं सूप. सूप इतकं सौम्य की माशाची गोडी जिभेवर रेंगाळत राहिली. आमच्या गाडीवरच्या तिखटाचा त्यात मागमूस नव्हता.

तिथेच ही कहाणी कळली. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछ्यू नावाचा चिनी व्यापारी हुगळीकाठी बजबजजवळ आला. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अछिपूर म्हणतात. मागाहून चीनमधले हक्का लोक आले, कोलकात्याच्या टांगरा भागात त्यांनी चामडं कमावण्याचे कारखाने उभारले, खानावळी काढल्या. गिऱ्हाईक बंगाली, पंजाबी, मारवाडी; मग हिरवी मिरची वाढली, भाताबरोबर कालवायला रस्सा आला, तो कॉर्नफ्लोअरने दाट झाला.

1962 च्या भारत-चीन युद्धात याच समाजातल्या सुमारे तीन हजार माणसांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. कित्येकांनी नंतर देशच सोडला. त्याच समाजातले, कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग 1974 मध्ये मुंबईत आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते आचारी असताना एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. चिकन मंचुरियन जन्माला आलं ते असं, असं ते सांगत आले आहेत. सफाळ्याच्या गाडीवर पोचलेलं मंचुरियन ते हेच.

‘हे काही खरं चायनीज नाही,’ असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. परक्या मुलुखात पोट भरायला आलेल्या माणसांनी आपली आवड ओळखून, आपल्या हातची चव वाकवून हे पदार्थ घडवले. त्या कष्टांना खोटं कसं म्हणायचं?

आता घरी शेजवान चटणी मीच करतो. शेजवान म्हणजे चीनमधलं सिचुआन; तिथल्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी असते. आपल्या शेजवानमध्ये ती सहसा नसते. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरवर काम भागतं. पण त्या मिरीचंच सख्खं भावंड कोकणात आहे: बांगड्याच्या कालवणात पडतं ते तिरफळ. दोन्हीकडे बी फेकून टाकतात आणि साल वापरतात. मी तिरफळाची साल ठेचून चटणीत घालतो. मुलगा आवडीने खातो आणि चटणी घोटताना मी त्याला टांगऱ्याची, देवलीचीही हकिकत सांगतो. ताटातला पदार्थ आपला म्हटला, तर तो घडवणारी माणसंही आपलीच, एवढं त्याला कळायला हवं.