प्रायमरची नळी

पीटनपोल एअर कँपर हे लाकूड-कापडाचं, दोन जणांचं विमान. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये ते फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन लावून उडवलं. विस्कॉन्सिनमधल्या माझ्या गॅरेजात तेच विमान उभं राहतंय, इंजिन मात्र कॉन्टिनेन्टल ए-६५. अमेरिकेत अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलेलं असावं लागतं. पंखांच्या फासळ्या चिकटवताना हा नियम गोड वाटतो. पेट्रोलच्या नळीला सांधा द्यायची वेळ आली की घसा कोरडा पडतो.

थंड इंजिन सुरू करण्याआधी हातपंपानं थोडं पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी सोडतात. ते नेणारी प्रायमरची नळी तांब्याची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. टोकाला पितळी निपल. साधा कथलाचा डाग दिला तरी ती गळणार नाही. पण कथील-शिशाचा डाग १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. इंजिनाशी आग लागली तर आधी तो सांधा सुटेल आणि पेट्रोल आगीलाच मिळेल. म्हणून चांदीचा डाग. माझ्या तारेत चांदी ५६ टक्के. ती वाहायला साडेसहाशे अंश सेल्सिअस लागतात. कॅडमियमवाली तार लवकर वाहते, पण तिचा धूर विषारी. गॅरेजात ती नकोच.

निम्मं काम बत्ती पेटण्याआधीच होतं. नळी आणि निपल यांच्यात फट दहा-पाच शतांश मिलिमीटरचीच हवी, म्हणजे केशाकर्षणानं चांदी आत ओढली जाते. दोन्ही धातू घासून लख्ख करायचे, मग बोटही लावायचं नाही.

ज्योत निपलवर धरतो, कारण जाड तेच; नळी तर लगेच तापते. सांध्याला लावून ठेवलेला फ्लक्स आधी फसफसतो, पांढरा फुगतो आणि सहाशेच्या आसपास पाण्यासारखा नितळ होतो. थर्मामीटर तोच. मग तार ज्योतीत न धरता तापलेल्या धातूला टेकवायची. चांदी सर्रकन आत शिरते, पलीकडच्या काठाला बारीक चकाकती कडी उमटते. तिथे लगेच बत्ती बाजूला. रेंगाळलं तर पितळच ढासळतं. मोठा दिवा मी बंदच ठेवतो. तांब्याची मंद लाली उजेडात दिसत नाही.

आमच्या हौशी मंडळातले ऐंशीला टेकलेले टेक्निकल काउन्सेलर बाहेरच्या चकाकीवर भाळत नाहीत. सरावाचा सांधा त्यांनी करवतीनं उभा चिरायला लावला. चांदीची रेघ शेवटपर्यंत अखंड निघाली, तेव्हा कुठे मान हलवली. खऱ्या नळ्या चिरता येत नाहीत. त्यांत हवा भरून पाण्याखाली धरल्या, बुडबुडा नाही. फ्लक्सची काच गरम पाण्यात घासून काढली, कारण ती राहिली तर धातू खाते आणि आत तुकडा सुटला तर प्रायमरचं बारीक भोक बुजवते. शेवटी नळीतून पेट्रोल काचेच्या बरणीत सोडून तळाशी कण उरतात का ते पाहिलं.

आता त्या नळ्यांना इंजिनाजवळ वेटोळी द्यायचीत. तापून मऊ पडलेलं तांबं थरथरीनं पुन्हा कडक होतं आणि चिरतं, ती थरथर वेटोळ्यानं झेलायची.