स्वपक्षाविरुद्ध साक्ष

देवळाच्या मागून तळीकडे उतरणाऱ्या वाटेच्या दाव्यात आम्ही देवस्थानाचे वकीलपत्र घेतले होते. प्रतिवादी शेजारच्या ख्रिस्ती वाड्यातले. त्यांनी आपल्यातलाच एक वृद्ध शेतकरी साक्षीस उभा केला. सरतपासात त्याने आपल्या शेताची हद्द तेवढी सांगितली. उलटतपासणीत त्याला कोंडीत पकडण्याची आम्ही जय्यत तयारी केली होती. ती वायाच गेली. "पालखी कोणत्या वाटेने जाते?" असे विचारताच तो म्हणाला, "ह्याच वाटेने, बाब. मी लहान होतो तेव्हापासून." दावा आम्ही जिंकलो. परंतु कचेरीबाहेर त्याच्यासमवेत त्याच्या वाड्यातला एकही माणूस चालत नव्हता. आम्ही जवळ जाऊन असे का सांगितलेत म्हणून विचारले. "देवाची शपथ घेतली होती ना?" एवढेच तो बोलला. शपथेचा इतका सरळ अर्थ आम्ही वकिलीच्या इतक्या वर्षांत क्वचितच ऐकला असेल.

पुराव्याच्या कायद्यात मृत माणसाने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेले विधान ग्राह्य धरतात. कारण आपल्यालाच बाधणारी गोष्ट मनुष्य सहसा खोटी सांगत नाही. हेच माप पंडिता रमाबाईंना लावून पाहावे असे त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत होते. हे नाव निघाले की आमच्या देवळांच्या सभामंडपात आजही संभाषण अडखळते. वास्तविक रमाबाई ह्या सभामंडपातल्याच. १८५८ साली जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची कन्या आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडली, देवळांतून पुराणे सांगत वाढली. १८७४ च्या सुमारास उपासमारीत मातापिता गमावल्यावर भावासह हजारो मैल पायी चालली. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी आमच्याच व्यवसायातले, वकील होते. त्यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडात, १८८३ साली, वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे बहुतेकांचे वाचन थांबते. पुढचे पान मात्र अधिक मनोरंजक आहे. बाप्तिस्मा देणाऱ्यांनीच ह्या विदुषीने बिशपांच्या आज्ञेत राहावे असा आग्रह धरला, तेव्हा तिने तो मानला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेण्याची तिची इच्छा नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही तिने शंका घेतल्या. जन्मभर ती शाकाहारी राहिली. आश्रय देणाऱ्यांशी वाद घालणे किती अवघड असते, हे ज्यांनी कधी परक्या घरचे अन्न खाल्ले आहे त्यांस सांगावयास नको.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची जी दुर्दशा चालली होती, तिच्याविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' ह्या मिशनरी मंडळीच्या पत्रात तक्रार प्रसिद्ध केली. त्यांच्या आश्रमातील एका मुलीचा प्रश्न तीत होता. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट ह्यांच्या सरकारने ती तक्रार खोडून काढण्याचा यत्न केला. राज्यकर्ते स्वधर्मीय, देणगीदारही स्वधर्मीय. गप्प बसण्यात हित होते. तरी रमाबाई बोलल्या.

एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. १८८९ साली उघडलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशा हमीवर चालले होते. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असे कळताच १८९३ साली रानडे व भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या मते पालकांची तक्रार पोकळ नव्हती. ठेव ज्या अटीवर घेतली ती अट पाळली पाहिजे. पण त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, तेथे शिकली, हिंदूच राहिली, आणि पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह करून त्यांच्या कार्यात उभी राहिली, हेही त्याच फायलीतले कागद आहेत. मध्य प्रांतातील दुष्काळातून केडगावी आणलेल्या शेकडो मुलींना कोणी जात विचारली नाही; त्या वेळी आमच्यातले किती जण तिकडे धावले, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारून पाहिला आहे. उत्तर लिहिण्यासारखे नाही.

असो. त्या वृद्धाच्या वाड्यातील कपेलाच्या कुंपणाचा वाद सध्या कोर्टात आहे. कपेलाची जुनी हद्द आमच्या देवस्थानाच्या एका महाजनांना पक्की ठाऊक आहे. त्यांना साक्षीचे समन्स आले आहे. काल सायंकाळी ते सल्ला घेण्यास आमच्याकडे आले होते. ठाऊक आहे ते सांगा, असे आम्ही म्हटले. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, छत्री उचलली, आणि काही न बोलता ते पावसात निघून गेले.