एक मूठ जास्त

लाम्पांग,
१६ नोव्हेंबर २०२४

चि. नलूस,

गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "अण्णा, दिवसभर तू तिथं करतोस तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही, बसतो." तू म्हणालीस, "तेच म्हणते मी." ते "तेच म्हणते मी" आठवडाभर कुसळासारखं टोचतंय. पण त्याहून जास्त टोचलं ते पुढचं. एकटीसाठी ताट काय मांडायचं, कढईतूनच दोन घास खाते ओट्याशी उभ्याउभ्या, आणि रात्री चहा नि खारी. वर हसलीस. आईच्या मुलीने उभ्याने जेवायचं आणि हसायचं! फोनवर रागवायला गेलो की तुझं दूध गॅसवर असतं, म्हणून हे पत्र. याला पोचायला पंधरा दिवस लागतील, तोवर दूध खुशाल उतू जाऊ दे.

तर माझा दिवस. तो आदल्या रात्री सुरू होतो, कारण तांदूळ भिजत घालायचे असतात. इथं थायलंडच्या उत्तर भागात चिकट तांदूळ खातात. तो पाण्यात शिजवला की खळ होते. रात्रभर भिजवून बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवावा लागतो. पहिले दोन महिने मी खळच केली. जन्मभर साखर कारखान्यात पाकाची तार बोटाने ओळखणारा माणूस मी, आणि भातापुढे हरलो. आता बोटाला कळतं. दोन मुठी माझ्यासाठी, एक मूठ जास्त.

साडेचारला उठतो. वाफ येईपर्यंत अंगण झाडतो, रक्तदाबाची गोळी घेतो, एक अंडं उकडायला ठेवतो. सहाच्या आधी चपला काढून फाटकाशी. शेजारची म्हातारी तिचं प्लास्टिकचं स्टूल ओढत येते. मी तिला 'पा' म्हणतो, म्हणजे मावशी. ती मला 'लुंग' म्हणते, म्हणजे काका. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे, पण ते असो. मग गल्लीच्या तोंडाशी भगवं दिसतं. पुढे एक थोराड भिक्खू, मागे दोन श्रामणेर पोरं. धाकट्याचा पुढचा दात परवा पडला, तरी तोंड मिटून, नजर खाली. पात्राचं झाकण उघडतं, मी भाताचा गोळा ठेवतो, अंडं ठेवतो. ते उभ्यानेच पालीत दोन ओळी म्हणतात आणि पुढे जातात. पाव मिनिटाचं काम. याला थाई भाषेत म्हणतात 'ताक बात'. 'बात' म्हणजे आपलं पात्र. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वा, यांच्याकडेही ताकभात! तात्या असते तर महिनाभर हसले असते.

आता नीट वाच, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे. तो भिक्खू आभार मानत नाही. मान हलवत नाही, हसत नाही. हात जोडायचे ते देणाऱ्याने. सुरुवातीला मला हा उर्मटपणा वाटला. पुढे कळलं की त्याने मागायचंही नसतं. पाणी आणि दातवण सोडलं तर कुणी हातात दिल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. आजचं उद्याला ठेवायचं नाही. माध्यान्हीनंतर जेवायचं नाही. समोर झाडाला पिकलेला आंबा लोंबत असला तरी स्वतः तोडायचा नाही. म्हणजे काय, तर कुणीतरी उठून चूल पेटवल्याशिवाय त्याला जेवण नाही.

पंडित काय म्हणतील ते म्हणोत, माझं मत असं की हे सगळे नियम भिक्खूंसाठी केलेलेच नाहीत. ते पा-साठी केलेत. तिचा नवरा गेला, मुलगा बँकॉकला, गुडघे गेले. बुद्धाने भिक्खूंना स्वयंपाकाची परवानगी दिली असती तर ही बाई नऊपर्यंत अंथरुणात पडून राहिली असती आणि दुपारी कढईतून खाल्लं असतं. उभ्याने. आता तिला पाचला उठावंच लागतं, कारण तीन माणसं तिच्यावर अवलंबून आहेत. निदान तिचा तसा समज आहे. गल्लीत आणखी अकरा घरं आहेत हे मी तिला सांगायला जात नाही.

यात नवीन काय, तू म्हणशील. बरोबर. आई पान वाढण्याआधी कावळ्याला ठेवायची ते काय होतं? आणि गुरुवारचा बंडू? वार लावून जेवणारा, तेलकट टोपीचा. आपण भुकेने किरकिरत असलो तरी आधी त्याचं पान. तू एकदा त्याच्या पानातला पापड पळवलास आणि आईने तुला पडवीत उभं केलं होतं. मला तेव्हा वाटायचं, आई त्याच्यावर उपकार करते. आज वाटतं, तात्यांची नोकरी गेली होती त्या वर्षी, आपला आप्पा गेला त्या वर्षी, आई रोज सकाळी चुलीपाशी बसली ती काही आपल्यासाठी नव्हे. आपल्याला तिने शिळ्या भाकरीवरही ठेवलं असतं. गुरुवारी बंडू यायचा, म्हणून गुरुवारी चूल पेटायची. बुधवारी तो कोणसा लंगडा यायचा. वार चुकवता येत नसत.

तात्यांच्या कपाटातलं धर्मानंद कोसंब्यांचं 'निवेदन' आठवतं का? आपल्या गोव्याच्या साखवाळचा माणूस, बुद्ध शोधायला घर सोडून निघाला आणि १९०२ साली सिलोनात श्रामणेर झाला. मी ते चौदाव्या वर्षी वाचलं ते प्रवासासाठी. आता परत मिळालं तर जेवणाच्या जागा तेवढ्या वाचीन. ते पुस्तक तुझ्याकडेच आहे, पाठवू नकोस, वाळवीने खाल्लं नाही ना एवढं बघ.

बरं, सगळं काही सोवळं नाही हं इथलं. बाजारात तयार पिशव्या मिळतात, रबर लावलेल्या, आमटी वेगळी, भात वेगळा. सणाला तर पिवळ्याधमक प्लास्टिकच्या बादल्या मिळतात, त्यात साबण, विजेरी, मंजन, चहाची पाकिटं, वरून चकचकीत कागद. लोक एक उचलतात, विहारात ठेवतात, पुण्य घेऊन घरी. आपल्याकडच्या ओटीच्या तयार पिशव्यांसारखंच ते. आणि पा पात्रात डुकराचं मांस घालते. पहिल्या दिवशी माझा भात त्यावर पडताना मी डोळे मिटले. पण नियम असा की मुद्दाम त्याच्यासाठी मारलेलं नसेल, तर पडेल ते भिक्खूने खावं, आवडनिवड करू नये. आवडनिवड मी करत होतो. सोडली.

भिक्खू गेले की पाणी. छोट्या पितळी भांड्यातून वाटीत धार धरायची आणि गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. केल्याचं पुण्य त्याला पोचतं म्हणतात. मग ते पाणी झाडाच्या मुळाशी घालायचं. उदक सोडणंच झालं. माझं पांढऱ्या चाफ्याच्या मुळाशी जातं. या झाडाचं इकडचं जुनं नाव दुःखाच्या शब्दाशी जुळायचं म्हणून लोक ते दारात लावत नसत. मग नाव बदललं, 'लीलावदी' केलं, आणि आता हॉटेलांच्या दारात सगळीकडे तेच. मी रोज माझ्या सुधाच्या नावाने सोडतो. विमेवाल्याने मला छळलं त्या वर्षी तात्यांच्याही नावाने सोडत होतो, त्यांना हिशेब कळायचा म्हणून.

नंतरचा दिवस पटकन सांगतो, त्यात काही नाही. बाजार, धुणं, दुपारी वाचन, डुलकी. संध्याकाळी स्टेशनकडे फिरायला. सहाला राष्ट्रगीत लागतं आणि सगळे असतील तिथे थांबतात. मीही थांबतो, गुडघ्याला बरं पडतं. स्टेशनबाहेर टांगे उभे असतात, खरे घोड्याचे. साऱ्या थायलंडात टांगा म्हटला की लाम्पांगच. आगगाडी इथे १९१६ मध्ये आली, तेव्हापासून ते उतारूंची वाट बघतायत.

१९१६. त्याच वर्षी आपल्या रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा वारला. तू म्हणतेस ना, परक्या मुलखात म्हातारपण काढू नये? मला या स्टेशनवर नेहमी थिबा आठवतो. आपण त्याच्या वाड्याच्या पायऱ्यांवर चिंचा खायचो, तेव्हा तो आपल्याला गोष्टीतला राजा होता. सागवानाच्या दंडावरून भांडण झालं ते मुंबईचं नाव लावणाऱ्या बॉम्बे बर्मा कंपनीशी. इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, १८८५ मध्ये राज्य गेलं आणि पुढच्या वर्षी तो आपल्या किनाऱ्यावर. तीच कंपनी इथल्या जंगलातही सागवान तोडत होती. त्या धंद्यात आलेल्या ब्रह्मी लोकांनी बांधलेले विहार माझ्या घरापासून चालत गेल्यावर आहेत, त्यांचं लाकूडकाम बघताना मला वाड्याच्या खिडक्या आठवतात. तीस वर्षं राहिला तो रत्नागिरीत. वाडा मिळाला तो शेवटच्या सहा वर्षांत. लोक सांगायचे की दुर्बिणीतून बोटी बघायचा. पण पहाटे त्याच्या दारी पात्र घेऊन कोण येत असेल, हे आपल्याला कधी सुचलं नाही. मला तरी इथे येईपर्यंत नाही. माझं वेगळं आहे, नलू. मला कुणी आणलं नाही आणि कुणी अडवलेलं नाही.

अडवलेलं नाही हे मात्र सारखं सिद्ध करावं लागतं. इथे आपल्यासारख्यांना 'खेक' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. नाखॉन सवानच्या कारखान्यात आलो (नाखॉन सवान म्हणजे नगर-स्वर्ग, आणि गाळप हंगामात तिथं मळीच्या वासाने डोकं उठतं), तेव्हाही पाहुणा, आजही पाहुणा. निवृत्तांच्या परवान्यासाठी बँकेत आठ लाख बाट ठेवावे लागतात. पासबुकावर साल २५६७ छापलेलं असतं, कारण हे बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात. आणि दर ९० दिवसांनी कचेरीत कळवायचं की मी अजून इथंच राहतो, याच पत्त्यावर. पूर्वी मला याचा संताप यायचा. आता मी इस्त्रीचा शर्ट घालून जातो. बाई शिक्का मारते आणि पुढची तारीख चिकटवून देते. कुणीतरी तीन महिन्यांनी माझी वाट बघणार आहे, निदान कागदावर.

तू नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतेस बँकेत. वर्षातून एकदा. उरलेले ३६४ दिवस तू आहेस हे कोणाला माहीत असतं गो?

यासाठीच लिहायला बसलो बहुतेक, आणि तीन पानं भातावर घालवली. तू बोलता बोलता म्हणालीस, "मध्ये जरा चक्कर आली, पण बसले." आणि लगेच मेथांब्यावर गेलीस. मी पण मूर्ख, मेथांब्याची चौकशी करत बसलो. नलू, तुला साखरेची गोळी आहे. गोळी घेऊन रात्री उपाशी झोपलीस तर साखर उतरते, आणि उतरलेली साखर चढलेल्या साखरेपेक्षा लवकर माणूस पाडते. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं साखरेतच काढलीत, तेवढं ऐक. चहा-खारी हे जेवण नव्हे. डॉक्टरांना चक्कर सांगितलीस का? सांगितली नसणार. तू त्यांना गुडघा सांगून येतेस.

आणि मागच्या खोलीतला तो पोरगा. आयटीआयचा. दिवाळीचा फराळ दिलास तर साधं "छान झालंय" म्हणाला नाही, डबा घासूनसुद्धा दिला नाही, म्हणून तू त्याच्यावर रुसलीस. तो अंडी तळतो, त्याचा वास येतो, हेही तुझं. मी सांगतो ते कर. त्याला रोज सकाळी एक भाकरी नि भाजी दे. दारात उभी राहून दे. तो आभार मानेल याची वाट बघू नकोस, उलट मानू नकोस म्हणून सांग. त्याला सातला क्लासला जायचं असतं, म्हणजे तुला सहाला पीठ मळावं लागेल. आणि एक भाकरी थापली की दुसरी आपोआप थापली जाते, ती तू खाशील. पाटावर बसून. पाट नको, गुडघा आहे; खुर्चीवर. पण बसून. मुख्य म्हणजे एखाद्या दिवशी भाकरी आली नाही तर तो दार वाजवेल. पोरं भुकेला विसरत नाहीत.

काल त्रिपुरी पौर्णिमा होती, इथे त्याच रात्री केळीच्या सोपटाच्या होड्यांत दिवे नदीत सोडतात. पा-ने माझ्यासाठीही एक केली होती. वांग नदीत सोडली, दहा हातांवर काठाला अडकली आणि तिथेच जळत राहिली. पा म्हणाली चांगलं असतं ते. तिला विचारलं का, तर म्हणाली, लांब गेली तर दिसणार कशी?

मला रोज तुळशीपाशी दिवा लावलास की एक मिस्ड कॉल दे. मी उचलणार नाही, तुझं दूध जळायला नको. मात्र सकाळी करणार असशील तर वेळ बघून कर. आमचे सहा म्हणजे तुझे साडेचार.

मुलांना आशीर्वाद. सोबत वाडगा पाठवत होतो, कोंबड्याचं चित्र असलेला, इथला प्रसिद्ध. पोस्टातल्या बाईने हातात घेऊन वाजवून बघितला आणि मान हलवली. कुणी येणारं मिळालं की देतो.

तुझा,
अण्णा

ता. क. चक्कर आली तेव्हा नेमकी कुठे बसलीस? विहिरीच्या कठड्यावर नव्हे ना?